वाढलेल्या बांगड्यांचा कोबा

अनसाकाकी कुणाच्याही घरात शिरली की आधी खाली बघायची. माणसं नव्या घरात गेली की पंखा बघतात, टीव्ही बघतात, भिंतीचा रंग नखाने खरवडून बघतात. ही जमीन बघायची. माझ्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा शहाबादी फरशीकडे तिने असं काही पाहिलं की मीच ओशाळले.

"सिस्टर, ही फरशी कोनची?"

"घरमालकाची."

"तसं नाय गो. कोनाच्या हातची?"

फरशी काय कुणाच्या हातची असते का, असं मी फणकाऱ्यानेच विचारलं. तेव्हा आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नुकती रुजू झाले होते. शेणव्याच्या पुढे डांबर जिथे संपायचं तिथून आणखी आत ते गाव. बदली मनाविरुद्ध झालेली, त्यामुळे त्या दिवसांत मी सगळ्यांशीच फणकाऱ्याने बोलायचे. काकीला त्याचं काही वाटलं नाही. ती भिंतीला टेकून बसली, तळहात फरशीवरून फिरवला आणि म्हणाली, "गार हाय. पन ओळख देत नाय."

अशी ही बाई. सुकडी, काळीसावळी, कासोटा घट्ट मारलेला, दातांना कायम मिश्री. नवरा ऐन तरुणपणी तापाने गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती थोरल्या दिराच्या घरी मागच्या पडवीत राहत होती. घरात राज्य थोरल्या जावेचं. द्वारकाबाई तिचं नाव. आवाज खणखणीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. दोघींचं भांडण मी कधी ऐकलं नाही. दोघींचं बोलणंही फारसं ऐकलं नाही. एका चुलीवर इतकी वर्षं काढलेल्या बायका इतक्या गप्प कशा राहू शकतात, याचं मला नवल वाटायचं.

पावसाळ्यात भातशेती आणि थंडीत आटगावच्या बाजूला वीटभट्टी, असं काकीचं वर्ष. भट्टीतल्या काही विटा जास्त भाजून वेड्यावाकड्या होतात, काळ्यानिळ्या पडतात, त्यांना गिऱ्हाईक नसतं. काकी मालकाच्या मागे लागून त्या विटा गोळा करत राहिली. अशी बरीच वर्षं गेली आणि एका दिवाळीनंतर तिने खळ्याच्या कडेला, आपल्या वाटणीच्या तुकड्यावर, दोन खोल्यांचा पाया खणला. गाव हसलं. एकट्या बाईला घर कशाला, पडवी आहे की.

घर उभं राहिलं ते असं. गावात स्लॅब पडायला लागले होते, लोक जुनी कौलं उकिरड्यावर टाकत होते. ती काकीने उचलली. दार खोक्यांच्या फळ्यांचं, त्यावर कुठल्याशा यंत्राचं नाव उलटं छापलेलं होतं. खिडक्यांच्या गजांना रंग हवा म्हणून तिने ज्याच्या त्याच्या घरचे उरलेले ऑइलपेंटचे डबे मागून आणले आणि सगळे एकाच घमेल्यात ओतले. कुणाचा हिरवा, कुणाचा गुलाबी, देवळाचा भगवा. झालेल्या मिश्रणाला रंग म्हणणं कठीण होतं. मी म्हटलं, "काकी, हा शेवाळात पडलेल्या जांभळासारखा दिसतोय." तिने लांब उभं राहून डोळे बारीक केले. "असा शापूरच्या बाजारात मिळंल का?" मी म्हटलं, "जन्मात नाही." "मंग बरा हाय," म्हणाली, आणि गज रंगवायला लागली.

राहिली जमीन. काकीचं म्हणणं असं की शेणाने सारवलेली जमीन दर आठ दिवसांनी नवी होते आणि सारवणाऱ्या बाईची बोटं तिच्यावर उठतात. आल्यागेल्याला कळतं, हा हात अमकीचा. सिमेंटची जमीन गवंडी एकदा घोटून जातो, मग ती कुणाचीच राहत नाही. पण विंचूकाट्याच्या भीतीने तिला सिमेंटचा कोबाही हवा होता. यावर तिने जे शोधून काढलं त्यानेच पुढचं सगळं घडलं.

आमच्याकडे सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. लावणीच्या चिखलात वाढते, हातपंपावर कळशी उचलताना वाढते. त्या काचा बाई कुठेही टाकत नाही, नदीत सोडते नाहीतर तुळशीच्या मुळाशी घालते. पाया खणल्यापासून काकी प्रत्येकीपुढे पदर पसरायला लागली. "टाकू नको गो. मला दे." बायका हसून द्यायच्या. कुणाची काच कोणती हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. ही लावणीत वाढली, ही बारशाच्या दिवशी, ही नवऱ्याशी भांडताना, आणि हे सांगताना डोळा मारायची. माझ्या मनगटावर नुसतं घड्याळ बघून तिला माझी कीव यायची.

कोबा घातला त्या दिवशी मी दुपारी तिथेच होते. गवंडी घोटत पुढे सरकायचा आणि मागून काकी फळीवर गुडघे टेकून ओल्या सिमेंटात काचा दाबायची. बांगडीचा तुकडा वाकडा असतो. एकाखाली एक लावले की भाताची लोंबी दिसते. हिरव्या लोंब्या भिंतीच्या कडेकडेने, चुलीच्या भोवती, देवाच्या फळीखाली. मध्ये मध्ये लाल, पिवळी, एखादी सोनेरी ठिपक्यांची. दारापासून चुलीपर्यंतची मधली वाट मात्र तिने कोरी सोडली. गवंडी म्हणाला, "काकी, मधीच मोकळा कशाला? तिथं पन घाल की."

"तिथनं चालायचं हाय ना," काकी म्हणाली. "बांगडीवर पाय द्यायचा का?"

संध्याकाळच्या उन्हात ती जमीन इतकी सुंदर दिसत होती की माझ्यासारख्या कुरकुऱ्या बाईलाही तिच्यात खोड काढता येईना. काकी दारात उकिडवी बसली होती, हाताला सिमेंट, बोटं काचेने चिरलेली. "आता सत्यनारायन घालायचा," म्हणाली. "सगळ्या बाया येतील. आपापली काच शोधतील." पूजेला विधवेने एकटीने बसायचं नाही, म्हणून पुतण्या सुदाम आणि त्याची बायको प्रमिला बसणार होते. द्वारकाबाईने मुलाला नाही म्हटलं नव्हतं, यातच काकीला सगळं मिळालं होतं.

पूजेच्या आधीच सुदामला ट्रकने उडवलं.

तो आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात होता. सायकलवरून घरी येताना हायवेवर झालं. त्याला ठाण्याला नेलं, प्रमिला बरोबर गेली. एस.टी.तून येणारा माणूस रोज वेगळी बातमी आणायचा. शुद्धीवर आलाय. शुद्ध पुन्हा गेलीय. पाय कापणार. तेवढ्यात गावातल्या आणखी एकाला कावीळ झाली आणि हातपंपावर मी पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं. बोलणारी द्वारकाबाई होती.

"माज्या सुनेची बांगडी तिच्या जमिनीत हाय. रांडमुंड बाई रोज तिच्यावर पाय देती. काय होनार दुसरं?"

पंपावर बायकांची रांग होती. प्रत्येकीच्या मनात आपापली काच आली असणार. मी कळशी खाली ठेवून सांगितलं की काकीने वाट कोरी सोडली आहे, मी डोळ्यांनी बघितलं आहे, हवं तर चला आणि बघा. द्वारकाबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "सिस्टर, तुमी भायेरच्या. सुई टोचा नि घरी जा."

त्यानंतर गोष्टी भराभर बिघडल्या. काकी पाण्याला गेली की बायका आपल्या कळश्या मागे ओढायच्या. तिच्या खळ्यात खेळणाऱ्या पोरांना हाका यायच्या. कौलांवर ढेकळं पडायला लागली. मग एक दिवस एका पोराच्या तोंडून उघडच शब्द आला, भुताळी. या भागात चेटकिणीसाठीचा तो शब्द थट्टेत वापरत नाहीत. डोंगराकडच्या एका पाड्यावर असंच एका बाईला म्हणायला लागले होते. एका सकाळी ती बोचकं घेऊन निघून गेली, तिच्या घराची लाकडं लोकांनी वाटून घेतली, आणि ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. हे मला काकीनेच कधीतरी सांगितलं होतं, चहा पिता पिता, दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून.

मी रागाने फणफणत तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हटलं, पोलिसांत जाऊ, तालुक्याला जाऊ, मी येते बरोबर. तिने सूप खाली ठेवलं.

"सिस्टर, तुमी माज्याकडं येऊ नका. उद्या तुमच्या हातची सुई कोन घ्यायचं नाय. गरवार बाया हायेत गावात."

"आणि तुमचं काय?"

"माजं घर हाय," म्हणाली. "मी घरात बसते."

मला रडू आलं. तिला आलं नाही. मी गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. गावात दिवसा कुणी कडी घालत नसे.

देवळात बैठक बसली. ठरलं ते असं, की कोबा उखडायचा, काचा नदीत सोडायच्या. ऐकलं नाही तर अनसाबाईने गाव सोडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा गडी पहारी घेऊन तिच्या दारात उभे राहिले, मागे सगळं गाव. मी गर्दीच्या कडेला होते. गर्दीत एकाही माणसाचा चेहरा क्रूर नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. सगळे आमचेच, कालपरवा गोळ्या घेऊन गेलेले.

काकीने दार उघडलं. अंगावर धुतलेलं लुगडं होतं. उंबऱ्यात बसली.

"फोडा," म्हणाली. "मी नाय म्हनत नाय. पन मी काचा बायांच्या हातातून घेतल्या, बायांच्याच हातात दीन. गड्यांनी आत पाय ठेवायचा नाय. जिची तिनं यावी, आपली ओळखून काढून न्यावी."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर त्यांनाही त्या घरात शिरायचं नव्हतं. पोलीस पाटील म्हणाला, "बरं हाय, बायांचं काम बायांनी करावं." पहारी भिंतीला टेकल्या. बायकांमध्ये चुळबुळ झाली. कुणी पुढे होईना. शेवटी द्वारकाबाईने पदर खोचला. ती निघाली तशा बाकीच्या तिच्या मागून निघाल्या. कुणी खुरपं आणलं होतं, कुणी विळा, कुणी नारळ सोलायचा कोयता. मीही मागून आत शिरले.

दाराच्या आत येऊन त्या सगळ्या थांबल्या. पुढचीला मागची धक्का देत होती तरी पुढची हलेना. त्या घरात त्यांच्यातली एकही आजवर आली नव्हती. त्यांच्या पायांपुढे राखी, कोरी वाट होती, सरळ चुलीपर्यंत गेलेली, आणि दोन्ही कडांना पिकलेलं शेत असावं तशा लोंब्या. एका म्हातारीने वाकून त्या वाटेवर हात फिरवला, एकही काच हाताला लागली नाही. मला वाटलं, झालं, आता सगळ्या परत फिरतील. पण बाहेर नवरे उभे होते आणि सुदाम ठाण्याला होता. इतकं पुढे आल्यावर मागे कसं फिरायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

ते काकीला कळलं असावं. तिनेच सुरुवात केली. "शेवंते, तुजी ही. नागपंचमीची. लीले, तुजी देवापाशी हाय, ती बघ, ठिपक्याची." एकेकीचं नाव घेऊन तिने एकेकीला तिच्या काचेपाशी बसवलं, खुरपं कसं तिरकं लावायचं ते दाखवलं, कुणाच्या बोटाला लागलं तर हळद दाबली. ती खोलीभर फिरत होती. खुरप्यांची खरखर चालली होती आणि माझ्या दाढांना ती खरखर लागत होती. एक-दोघी रडत खणत होत्या. खणायचं काही कुणी थांबवलं नाही.

द्वारकाबाई उभीच होती. "माजी कुठं हाय?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत ती जावेशी सरळ बोलल्याचं मी तेव्हाच ऐकलं.

काकीने चुलीजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे जुन्या घडणीची, जाड काचेची, काळपट हिरवी अशी एकच काच होती.

"ही माजी नाय. असल्या बांगड्या मी कवाच्या सोडल्या."

"तुजीच हाय," काकी म्हणाली. "हे गेले त्या दिवशीची. तू माजा हात दगडावर धरून माज्या फोडत होतीस, तवा तुजी एक वाढली. तुला कळलं पन नाय, तू रडत होतीस. मी उचलून ठेवली."

काकी तेवढं सांगून दुसऱ्या बाईकडे वळली. द्वारकाबाई कोपऱ्यात गेली. ती खणायला बसते आहे असं सगळ्यांना वाटलं. पण ती भिंतीला पाठ लावून, लुगडं पसरून, नुसती बसली, आणि बाकीच्यांचं आटपेपर्यंत उठली नाही. बाहेरून तिच्या नवऱ्याने विचारलं, "झालं का?" तिने आतूनच ओरडून सांगितलं, "झालं." उठून गेली तेव्हा मी पाहिलं, ती काच होती तिथेच होती.

प्रमिलाचीही राहिली. जिची तिने काढायची असं ठरलं होतं आणि ती ठाण्याला होती. बाकी सगळ्या जमिनीला खड्डे पडले होते. काचा घेऊन बायका सरळ नदीवर गेल्या, पण तिथे काय झालं कोण जाणे, पुष्कळजणींनी त्या सोडल्याच नाहीत, कनवटीला लावून घरी आणल्या. काकीने झाडू घेतला आणि सिमेंटचा चुरा भरायला लागली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू द्या सिस्टर, तुमचा टाइम झाला." उपकेंद्र उघडायची वेळ झालीच होती. मी गेले.

सुदाम वाचला. कुबडी घेऊन, पण स्वतःच्या पायावर घरी आला. गावाला वाटलं, बघा, काचा काढल्या आणि पोरगा सुटला. आता प्रमिलाने तेवढी तिची काढली की सगळं स्वच्छ. सासूने तिला एका शब्दानेही सांगितलं नाही, इतर बायकांनीच खुरपं हातात देऊन तिला काकीकडे धाडलं. प्रमिला गेली, काचेसमोर बराच वेळ बसली आणि खुरपं तसंच घेऊन बाहेर आली.

"माजी नाय काढायची," म्हणाली. कोपऱ्यातली जुनी काच सासूची, हे तिला ठाऊक नव्हतं. "सगळ्या गावात माजी एकटीची तिथं राहिली नि माजा नवरा वाचला. मी कशी काढू?"

झालं. गाव तेच, तोंडं तीच, बोलणं उलटं. ज्या घरावर ढेकळं पडली त्या घराकडे बघून बायका हळूच हात जोडायला लागल्या. मला त्या ढेकळांपेक्षा या हात जोडण्याचाच जास्त संताप यायचा. काकी आपली रोजच्यासारखी. पाण्याला जायची, कामाला जायची, कुणी वाटेत अडवून गोड बोललं तर "हां हां" करून पुढे व्हायची. जमीन मात्र तिने तशीच ठेवली होती. गवंडी स्वतःहून खड्डे भरून द्यायला आला, त्याला चहा पाजून परत लावलं.

पुढे काही वर्षांनी माझी बदली मुरबाड तालुक्यात झाली, सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूला. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं तेवढ्यात मी काकीचा निरोप घ्यायला गेले. दारात ही गर्दी. शेवंता, लीला, सगळ्याजणी, प्रत्येकीच्या पदराच्या टोकाला गाठ. गावात त्या पावसाळ्यात दोघातिघांना तापाने धरलं होतं, आणि बायकांनी आपसांत ठरवून आपापल्या काचा परत आणल्या होत्या. गवंड्याला सांगून सिमेंटही आणलं होतं. काकी उंबऱ्यात उभी होती.

"घे ना गो काकी," शेवंता म्हणत होती. "तुज्या घरात राहिल्या तर बरं असतंय."

"नाय घ्यायची."

"चुकलं आमचं."

"तसं नाय," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तवा तुमी टाकायला निघाल्या होत्या, ती मी मागून घेतली. मला तुमचे हात पायजे होते घरात. आता तुमी नवस घेऊन आल्या. नवसाला देऊळ हाय तिकडं."

काकीने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "आत या. सिस्टर चालल्या, चहा टाकते."

बायका आत आल्या. मी दारातच उभी राहिले, टेम्पोवाला हॉर्न देत होता. इतक्या बायका त्या खोलीत, पण एकही कडेला जाईना. लोंब्यांच्या जागी आता नुसते खड्डे होते, तरी त्यांच्यावर बसायची कुणाची छाती होत नव्हती. सगळ्या त्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर, गुडघ्याला गुडघा लावून, अंग चोरून बसल्या. काकी चहाची ताटली घेऊन चुलीपासून निघाली आणि तिला पाऊल टाकायला जागाच राहिली नव्हती.

"सरका गो," ती म्हणाली, "कडेला बसा. तिथं आता तुमचं काय नाय."